ताणावरची बाग

घराच्या कोपऱ्यावर येताच ताहरला पाण्याचा आवाज ऐकू आला. जुलैच्या संध्याकाळी त्याच्या परसातून पाण्याचा आवाज येण्याचं काही कारण नव्हतं. कॉफीच्या दुकानात पत्त्यांचा डाव हरून तो आधीच वैतागला होता, त्यात पाइप फुटला असेल तर वैतागात भरच. तो घराला वळसा घालून लगबगीनं मागे गेला आणि बागेच्या फाटकातच थबकला.

त्याचा मुलगा मुन्सिफ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात उभा होता. हातात पाइप, पाय चिखलात. सहाच्या सहा वाफे तुडुंब भरले होते आणि तापलेल्या मातीतून वाफ निघत होती.

"केवढी तहानलीत हो ही, बाबा," तो म्हणाला. "भेगा बघा कशा पडल्यात, हात जाईल आत. मी आलो नसतो तर गेलीच होती सगळी."

त्या वाफ्यांत गन्नारियाचे खुंट होते. शहरातली मंडळी तिला आर्टिचोक म्हणतात. उंटकटाऱ्याच्या कुळातलं झाड, अंगभर काटे, आणि त्याचं बोंड फुलायच्या आत कापून खायचं. हे झाड शरदात जागं होतं, थंडीत पसरतं, मार्च-एप्रिलमध्ये बोंडं देतं. मे संपला की त्याला जमिनीलगत छाटायचं, पाणी तोडायचं आणि बाग ताणावर सोडायची. मग ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. वरून पाहणाऱ्याला वाटतं, मेलं सगळं. खाली खुंट झोपलेला असतो. मजर्दा नदीकाठची ती चिकण माती उन्हात तव्यासारखी तापते, तिच्यात पाणी सोडलं तर झोपलेला खुंट आतल्या आत उकडतो आणि सडतो. ट्यूनिसजवळच्या जदैदाच्या परिसरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मुन्सिफला मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. लहानपणी शाळेला सुट्टी लागली रे लागली की तो समुद्रकाठी मामाकडे पळायचा, तो शाळा उघडल्यावर परतायचा. त्याला बाग माहीत होती ती ऑक्टोबर ते मे. पुढे तो फ्रान्सला गेला. तिकडे तुलोंमध्ये त्याच्या गल्लीतली एक म्हातारी म्हणे कुंपणाशी हेच झाड लावायची, रोज पाणी घालायची आणि तिचं झाड बारा महिने हिरवं राहायचं. तिकडचं ऊन तिकडचं, इकडचं इकडचं, हे त्याला कोण सांगणार?

सांगणारा फाटकात उभा होता. त्यानं तोंडही उघडलं. पण बागेत मुन्सिफशी बोलायचं म्हटलं की ताहरच्या जिभेवर एकच वाक्य यायचं. फार जुनं वाक्य होतं ते.

मुन्सिफ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ऑक्टोबरात प्रत्येक खुंटाला बगलेतून सहा-सात मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात. त्यातले दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे टाचेनं दाबून काढून टाकायचे. बापानं पोराला पहिल्यांदाच एकट्यानं बागेत धाडलं होतं. पोरानं जोमदार मुनवे काढून ओळीनं नीट बाजूला ठेवले आणि मरतुकडे खुंटाला राहू दिले. त्याला वाटलं, चांगले असतात ते दुसरीकडे लावायला. ताहर तेव्हा घरात काही बोलला नाही. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात, दहा माणसांसमोर, मुन्सिफ साखर न्यायला आला असताना तो म्हणाला होता, "ह्याच्या हाताला यश नाही. ह्याचा हात लागला की हिरवं वाळतं."

माणसं हसली. माणसं हसतातच. पण मुन्सिफच्या बरोबरीच्या पोरांना त्याला चिडवायला नवं नाव मिळालं. त्या दिवसापासून गावात तो वाळका हात झाला. वर्षाच्या आत तो आईच्या एका चुलतभावाच्या ओळखीनं तुलोंला गेला आणि लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवू लागला. नंतर तो फार थोड्या वेळा आला. आई गेली तेव्हा आला होता. त्या वेळीही बागेच्या फाटकाला टेकून सिगरेट ओढली, पण आत पाऊल टाकलं नाही.

या खेपेला तो आला तो उतरलेला चेहरा घेऊन. बायको वेगळी राहायला लागली होती. गुडघे कामातून गेले होते. जेवलास का विचारलं तर हो, झोप लागली का विचारलं तर हो. आठ दिवस घरात दोन माणसं आणि चार शब्द. आणि आज तोच मुन्सिफ चिखलात उभा राहून गुणगुणत होता. त्याची आई सालहा कुसकुस चाळताना जे गुणगुणायची, तेच.

ताहरनं उघडलेलं तोंड मिटलं.

"पाय घसरेल," तो म्हणाला. "सांभाळ."

शहाण्या माणसानं तेव्हाच चार शब्दांत सांगितलं असतं, बाळा, ही झोपलीत, यांना ऑगस्टमध्ये उठवू. त्यात काय मोठं होतं? पण ज्यानं जन्मभर पोराशी वरच्या पट्टीतच बोलावं, त्याला खालच्या पट्टीतला सूर ऐन वेळी सापडत नाही. ताहरला वाटलं, एका पाण्यानं काय होतंय. माती उद्या सुकेल, पोराची हौस फिटेल.

हौस फिटली नाही. दुसऱ्या संध्याकाळी परत पाणी. मग ताहरनं पंपाचा फ्यूज काढून खिशात घातला. मुन्सिफनं गावात जाऊन नवा फ्यूज आणला, वर पंप खोलून साफ केला आणि इतकी वर्षं हा अर्ध्या जिवावर चालवत होतात म्हणून बापालाच सुनावलं. ताहर म्हणाला, विहिरीला पाणी कमी आहे. मुन्सिफनं दोरीला दगड बांधून विहीर मोजली आणि पाणी भरपूर असल्याचं आनंदानं येऊन सांगितलं. नवरदेवासारखा नाहून-धुऊन तो रोज उन्हं कलली की बागेत हजर.

कॉफीच्या दुकानात बातमी पोचायला वेळ लागला नाही. ताहरचा पत्त्यांतला जोडीदार खमैस, जन्मात कधी कुणाची गय न केलेला माणूस, पानं पिसता पिसता म्हणाला, "ताहर, बेडकं पाळलीस म्हणे."

"पोरगा आलाय. खेळतोय जरा."

"चाळिशीचं पोर. अरे, सांग की त्याला. तुझी जीभ तर पंचक्रोशीत नावाजलेली."

"पानं वाट," ताहर म्हणाला.

दहा-बारा दिवसांनी मुन्सिफनं त्याला हाक मारून बागेत नेलं. ओल्या मातीतून फिकट पोपटी कोंब वर आले होते, प्रत्येक खुंटाला दोन-दोन, तीन-तीन. मुन्सिफ उकिडवा बसून एकेका कोंबाला बोट लावत होता. गुडघे दुखतात हेसुद्धा तो विसरला होता. ताहरला त्या रंगावरूनच कळलं. हे कोंब मुळाच्या जोरावर आलेले नव्हते. दिवा विझताना मोठा होतो, तसली ती गत होती.

"छान आहेत," तो म्हणाला.

पोराच्या कामाला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चांगलं म्हटलं, आणि तेही खोटं. त्याला स्वतःची लाज वाटली. पण मुन्सिफनं वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की ती लाज ताहरनं गिळली.

त्या रात्री मुन्सिफ पोटभर जेवला. भट्टीतली गरम भाकर तेलात आणि हरिसाच्या तिखट चटणीत बुडवून खाताना तो आपण होऊन बोलत सुटला. मार्चमध्ये येणार. बोंडं स्वतःच्या हातानं कापणार. आई करायची तशी खिमा आणि कोथिंबीर भरून करू, आईची ती जांभळी काटेरी बोंडं जगात कुठे मिळत नाहीत, तिकडच्या बाजारात असतात ती नुसती हिरवी, गुळगुळीत, चव नसलेली. मग थोडा थांबून, भाकरीच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "कदाचित मग राहीनच इथे. बघू. माझा हात काही अगदीच वाईट नाही, नाही का हो बाबा?"

"नाही," ताहर म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

जायच्या आधीच्या तीन-चार दिवसांत मुन्सिफनं पाणी घालणं आपणहून थांबवलं. पुरे झालं आता, एवढंच म्हणाला. गुणगुणणंही थांबलं. ताहरला वाटलं, निघायचे दिवस जवळ आले की माणूस असा होतोच. आदल्या दिवशी दुपारी मुन्सिफ बराच वेळ कुठे तरी गेला होता. कुठे गेला होता ते ताहरनं विचारलं नाही. या घरात विचारायची पद्धत नव्हती.

ट्यूनिसला जाणाऱ्या सहा आसनी गाडीत बॅग चढवताना ताहरनंच विषय काढला. "मार्चमध्ये येतोयस ना?"

"बघू," मुन्सिफ म्हणाला, आणि बापाच्या खांद्याचं चुंबन घेऊन आत बसला.

तो गेला आणि वाळवंटाकडून शहिली सुटली. तीन दिवस तो गरम वारा भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखा वाहत होता. पोपटी कोंब पहिल्याच दुपारी तपकिरी झाले. वारा पडल्यावर ताहरनं कुदळ घेतली आणि भिंतीजवळचा पहिला खुंट उकरला. वरचं साल हातात आलं, आतला गाभा काळा, बुळबुळीत. वास असा की त्याला तोंड फिरवावं लागलं. दुसरा तसाच. तिसरा तसाच. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळे वाफे उकरले. वडिलांनी लावलेलं वाण होतं ते. पन्नास वर्षं टिकलं होतं.

खरं सांगायचं तर झाडांसाठी त्याला रडू आलं नाही. झाडं जातात. त्यानं धास्ती घेतली ती मार्चची. मुन्सिफ येणार, फाटक उघडणार, आणि त्याला समोर रिकामे वाफे दिसणार. मग त्याला कुणी काही सांगायची गरज राहणार नाही. दहा माणसांसमोर बापानं जे म्हटलं होतं, ते खरं ठरलेलं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघणार.

शुक्रवारी मुन्सिफचा नेहमीचा फोन आला. तब्येत, हवा, खमैसची खोड्या काढायची सवय, सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, "बागेचं कसं आहे?"

"झाडं गुडघ्याएवढी झालीत," ताहर म्हणाला.

पलीकडे सिगरेट पेटवल्याचा आवाज आला.

"बरं झालं," मुन्सिफ म्हणाला.

मग ताहर मुनव्यांच्या शोधात निघाला. लावणीचा हंगाम ऑक्टोबरपर्यंत होता, तेव्हा लावलं तर मार्चमध्ये निदान एकेक बोंड धरलं असतं. सायकल घेऊन तो तबुर्बापर्यंत फिरला. सगळ्यांकडे एकच, रोपवाटिकेतलं बिनकाट्यांचं वाण, गोल, हिरवं, बाजाराला बरं. जांभळं काटेरी वाण कुणाकडेच नव्हतं. लोक त्यालाच उलट विचारत, ते तर तुमच्याकडेच होतं ना? होतं. आणि कुणाकडे नव्हतं त्याचं कारणही तोच होता. मुनवा घराबाहेर गेला की घरची बरकत जाते, असं त्याचे वडील म्हणायचे आणि त्यानं ते कुलपासारखं सांभाळलं होतं. मागायला आलेल्या माणसाला तो चहा पाजायचा, बोंडं द्यायचा, पण मुनवा मागितला तर हात जोडायचा.

एकदाच ते कुलूप उघडलं होतं. भिंतीपलीकडच्या बेयाचा नवरा गेला तेव्हा सालहानं नवऱ्याला न विचारता तिला चार मुनवे दिले. बाईमाणूस, दोन वाफे लावेल, बाजारात चार बोंडं विकेल, एवढाच तिचा विचार. ताहरला ते पानं चांगली हातभर झाल्यावर कळलं. तो भर दिवसा कुदळ घेऊन बेयाच्या अंगणात शिरला आणि चारही झाडं उपटून घेऊन आला. बेया भाकरीचं पीठ मळत होती. पिठाचे हात तसेच धरून ती बघत राहिली. सालहा त्यानंतर महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. दोन घरांचं येणं-जाणं तुटलं ते तुटलंच. सालहा वारली त्या दिवशी बेयानं कुसकुसचं मोठं पातेलं उंबऱ्यावर आणून ठेवलं आणि आत न येता परत गेली.

खमैस म्हणालाच एक दिवस. "बेयाच्या मोरीपाशी मार्चात काही तरी जांभळं दिसतं बाबा. मी काही बोललो नाही हं. तू पुन्हा कुदळ घेऊन जायचास."

ताहर दोन दिवस घरात बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणातली चांगली डाळिंबं उतरवली, टोपलीत घातली, लाल शेशिया टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि भिंतीला वळसा घालून बेयाच्या दारात जाऊन उभा राहिला. शुक्रवारच्या नमाजाला जातानाही तो एवढा नीटनेटका नसायचा.

बेया पीठच मळत होती. काही माणसांचं आयुष्य पिठातच जातं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या, सी ताहर. कुदळ कुठे ठेवलीत?"

जिनं आयुष्यभर अरे-तुरे केलं, ती आज नावाआधी मानाचं 'सी' लावून अहो-जाहो करत होती. ताहरनं टोपली खाली ठेवली. मग त्यानं तोंडाला येईल तसं सांगून टाकलं, की बाग गेली, मुळासकट गेली, आणि मार्चमध्ये पोरगा येणार आहे. मोरीपाशी काही असेल तर एक-दोन मुनवे हवेत. नाही म्हणालीस तरी वाईट वाटून घेणार नाही, मला तोंड नाही.

बेया हात पुसत उठली आणि त्याला मागे घेऊन गेली. मोरीच्या सांडपाण्याशी, भिंतीच्या सावलीत, गन्नारियाचं भलंथोरलं झुडूप पसरलं होतं. पानांवर तीच राखाडी लव, काट्यांना तोच पिवळा रंग. ताहरनं खाली वाकून पानाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं. वडिलांचं वाण होतं.

"तुम्ही वरचं उपटून नेलंत," बेया म्हणाली. "एक खुंट खाली तुटून राहिला. पाऊस पडला आणि आपणच आलं. मी तर काढून टाकणार होते, कशाला पुन्हा कटकट. सालहा म्हणाली, राहू दे गं, माझ्या घरचं कुणाकडे तरी राहू दे. तुम्ही बाजारला गेलात की यायची ती, बघून जायची."

"सालहा इथे यायची?"

"शेवटपर्यंत."

सालहा गेल्यावर ताहरला पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटलं होतं, पण ही गोष्ट त्याला माहीतच नव्हती, त्यामुळे तिचं वाईट वाटायचं राहून गेलं होतं. बायकोनं शेजारणीच्या मोरीशी चोरून उभं राहावं, असं आपण तिला ठेवलं. ते आता एकदम अंगावर आलं, आणि तो भिंतीला हात टेकून उभा राहिला.

बेयानं सावलीतलं एक ओलं पोतं उचलून त्याच्यापुढे ठेवलं. पोत्यात सहा मुनवे होते, मुळांसकट, नीट छाटलेले.

"कालच काढलेत," ती म्हणाली. "आला नसतास तर भिंतीवरून तुझ्याकडे ठेवणार होते."

"तुला कुणी सांगितलं माझी बाग गेली म्हणून?"

बेयानं पोत्याची घडी उगाच नीट केली. अहो-जाहो एव्हाना गळून पडलं होतं.

"जायच्या आदल्या दिवशी मुन्सिफ आला होता. तू उभा आहेस ना, तिथेच बसला होता. म्हणाला, एक कोंब ओढून बघितला तर हातात आला, खाली सगळं काळं. माती बाजूला करून सगळे खुंट बघितले म्हणाला, एकही राहिला नाही. मला विचारलं, मावशी, असं का झालं? मी सांगितलं, जुलैत पाणी घालायचं नसतं रे राजा. तेव्हा त्याला कळलं. मग म्हणाला, ऑक्टोबरात बाबांना मुनवे द्याल का, माझं नाव सांगू नका. मी कबूल केलं होतं. पण मी तुझ्यासारखी गप्प नाही राहू शकत."

"आणखी काय म्हणाला?"

"कशाला ऐकतोस?"

"सांग, बेया."

"म्हणाला, बाबा म्हणायचे ते खरंच आहे."

ताहर पोतं खांद्यावर टाकून घरी आला. वाटेत कुणी सलाम केला, त्यानं परत केला की नाही हे त्याला आठवेना. परसात भिंतीवर बसून त्यानं फोन लावला. तिकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी असावी, मागे माणसांचा गलका होता. मुन्सिफनं घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना. या वेळी ताहरचा फोन कधी यायचा नाही.

"ती मेली रे. सगळी," ताहर म्हणाला.

"ठाऊक आहे, बाबा."

"मला पहिल्या संध्याकाळीच ठाऊक होतं. मी फाटकात उभा होतो. थांबवायला हवं होतं, आणि मी थांबवलं नाही."

गलका दूर गेला. मुन्सिफ बाहेर रस्त्यावर आला असावा.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"रोज बघत होतात आणि बोलला नाहीत? उभ्या जन्मात कधी गप्प बसला नाहीत, आणि तेव्हाच का?"

ताहरला पुष्कळ सांगायचं होतं. ते जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, ते पुन्हा बाहेर पडेल म्हणून भ्यालो. माझा हात वाईट नाही ना, असं तू विचारलंस, आणि पहिल्यांदा आपणहून विचारलंस. यातलं काहीच त्याला जुळवून बोलता येईना.

"तू गुणगुणत होतास," तो म्हणाला.

मग कुणी तरी तिकडच्या भाषेत मुन्सिफला हाक मारली.

"मी नंतर करतो, बाबा," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तुझ्या हाताचा काही दोष नव्हता, हे म्हणायचं राहून गेलं होतं. फोन खिशात ठेवताना ताहरच्या ते लक्षात आलं. त्यानं फोन पुन्हा काढला, पण लावला नाही. पोरगा कामावर असेल. संध्याकाळी त्याचा येईलच.

संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवार आला आणि गेला.

ताहरनं सडलेली माती काढून टाकली, नदीकाठची नवी माती भरली, सहा खड्डे घेतले. पाच मुनवे त्यानं लावले, बोटांनी मुळं पसरून, गळ्यापर्यंत माती दाबून. सहावा खड्डा फाटकाजवळचा. तो त्यानं तसाच ठेवला. सहावा मुनवा पोत्यात गुंडाळून भिंतीच्या सावलीत ठेवला. गुंडाळलेला मुनवा ओला राखला तर आठ-दहा दिवस तग धरतो, फार तर पंधरा. तो वाळला तरी बेयाच्या झुडपाला आणखी फुटतील. तिला मागायची ताहरला आता लाज नव्हती.

खमैस एकदा फाटकातून डोकावला. पाच रोपांनी पानं उभी धरली होती. त्यानं रिकामा खड्डा पाहिला, पोतं पाहिलं.

"हे का ठेवलंस? लाव की. सुकून जाईल."

"लावणारा यायचाय," ताहर म्हणाला.

खमैसच्या जिभेवर काही तरी आलं असावं, पण त्या दिवशी त्यानं ते तिथेच ठेवलं. तो गेल्यावर ताहरनं तांब्या भरून आणला आणि पोत्यावर पाणी शिंपडलं. जास्त नाही, ओल राहील एवढंच.